साहेबांबरोबर आत, साहेबांबरोबर बाहेर

टाचणीला मंत्रीसाहेबांच्या कार्यालयात जी खोली मिळाली, तिच्यात आधीपासूनच एक बिऱ्हाड होतं. झेरॉक्स मशीनचं. अर्धी खोली त्याची. उरलेल्या अर्ध्यात एक टेबल, एक डुगडुगती खुर्ची आणि खिडकीच्या नावाखाली शेजारच्या इमारतीची भिंत. मशीन चालू झालं की टेबलावरचा चहा थरथरायचा आणि खोली अशी तापायची की पापड वाळत घालावेत.

"विशेष सल्लागार ना तुम्ही?" कार्यालयाच्या प्रमुख बाई दारातूनच म्हणाल्या. "म्हणून ही विशेष खोली."

या बाईंनी किती मंत्री येताना पाहिले आणि किती जाताना, त्यांचं त्यांनाच ठाऊक. मंत्र्यांबद्दल त्या पाहुण्यांबद्दल बोलावं तसं बोलायच्या, म्हणजे वरून गोड आणि आतून 'कधी एकदा उठतात'. सरकार कुणाचंही येवो, बाई आपल्या खुर्चीत. पक्की नोकरी, पक्की पेन्शन, पक्कं कपाळावरचं आठ्यांचं जाळं. टाचणीनं जेवणाच्या सुट्टीआधीच त्यांचं नाव कायमबाई ठेवलं, आणि सुट्टी संपायच्या आत ते त्यांच्या कानावर गेलं. मग काय, सख्य जमलंच! विळ्याभोपळ्याचं!

आता टाचणीचं ऐका. टाचणी हे काही हापिसातलं नाव नव्हे, ते माहेरचं. वडील शिंपी. ही पोरगी दुकानात शिलाई मशीनच्या पायाशी बसून गणितं सोडवायची आणि मधेच मान वर करून गिऱ्हाइकाला सांगायची, "काका, बाबांनी माप बरोबर घेतलंय. तुमचं पोट वाढलंय." वडील कपाळावर हात मारून घ्यायचे. ही पोरगी नव्हे, टाचणी आहे म्हणायचे. मोठेपणी ती वर्तमानपत्रात लागली आणि टोचण्याचा पगार सुरू झाला. मंत्र्यांच्या भाषणांवर दर आठवड्याला लिहायची. या साहेबांची पाळी आली तेव्हा लिहिलं, की साहेब बोलायला लागले की सभागृहातले पंखेसुद्धा पेंगतात. साहेबांचा फोन आला. टाचणीला वाटलं, शिव्या. साहेब म्हणाले, "मग तुम्हीच लिहा की माझी भाषणं!"

वर्तमानपत्राचा जीव तेव्हा वर-खाली होत होता, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. टाचणी हो म्हणाली. साहेबांची खुशामत करायला नाही हो, भाषणांची दया येऊन.

तर पहिल्या दिवशी कायमबाईंनी तिला नोकरीच्या अटी वाचून दाखवल्या. वाचून म्हणजे, शिक्षा सुनावतात तशा.

"तुम्हाला साहेबांनी स्वतः निवडलंय. परीक्षा नाही, स्पर्धा नाही, काही नाही. तेव्हा साहेब ज्या दिवशी जातील, त्या दिवशी तुम्हीही. ते राजीनामा देवोत, त्यांना कुणी काढो, सरकार पडो. त्याच दिवशी."

"नोटीस?"

"साहेब पडले की तीच नोटीस. जाताना ठरलेली रक्कम मिळेल. पण लगेच दुसऱ्या मंत्र्याला चिकटलात तर ती परत करायची. नोकरीत आहात तोवर स्वतःच्या नावानं बाहेर एक अक्षर बोलायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, आम्हा कायम माणसांना हुकूम द्यायचा नाही."

"विनंती केलेली चालते?"

"करा की. ऐकलीच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही."

पगाराची तर आणखीच गंमत. टाचणीला वाटलं होतं, साहेबांनी नेमलंय, साहेबच पगार ठरवतील. कुठलं काय! सल्लागारांची श्रेणी ठरवायला एक समिती. साहेबांनी वरची श्रेणी द्या म्हणून शिफारस केली, समितीनं टाचणीला खालच्या पायरीवर बसवलं. कारण काय, तर आधीच्या नोकरीत तिला कमी मिळत होतं आणि एकदम एवढी उडी घेता येत नाही. साहेबांचा दुसरा सल्लागार जाहिरात कंपनीतून आला होता, तिथं आधीच गलेलठ्ठ मिळत होतं, म्हणून त्याला सगळ्यात वरची श्रेणी. म्हणजे ज्याच्या ताटात आधीच श्रीखंड, त्याला आणखी वाढा, आणि जिच्या ताटात आमटी, तिला सांगा की बाई, तुला पचायचं नाही.

हा दुसरा सल्लागार म्हणजे नुसता तेलात बुडवून काढलेला. केस गुळगुळीत, बूट गुळगुळीत, बोलणं तर असं की ऐकणाऱ्याचा पाय घसरावा. त्याचं नाव गुळगुळीत. तो टाचणीला "मॅडम" म्हणायचा आणि म्हणताना तिच्या डोक्यावरून पलीकडे बघायचा, कुणी जास्त महत्त्वाचं येतंय का म्हणून.

घरी सासूबाईंचा वेगळाच सूर. त्यांचा मुलगा, म्हणजे टाचणीचा नवरा, बँकेत चिकटलेला, अगदी गोंदानं चिकटवल्यासारखा. सासूबाईंच्या लेखी जगात दोन जाती, कायम आणि हंगामी.

"सूनबाई, पण तुला कायम कधी करणार?"

"आई, आमच्यात कायम करत नाहीत."

"म्हणजे मंत्र्याला ताप आला तरी आपण देव पाण्यात घालून बसायचं?"

"ताप चालतो. राजीनामा नको."

सरकारचा आणखी एक नियम असा, की सल्लागारांचे पगार वर्षातून एकदा जाहीर करायचे. नावानिशी, श्रेणीनिशी, पेपरात. पहिल्या वर्षी ते छापून आलं आणि सासूबाईंनी ते जिन्यात उभं राहून शेजारणींना वाचून दाखवलं. शेजारणींनी हिशेब केला, भुवया वर केल्या आणि त्या संध्याकाळपासून टाचणीकडे उसनं मागायला माणसं येऊ लागली. जुन्या वर्तमानपत्रातल्या मित्रांनी तर फोन करून छळलं. "काय गं, आता पंखे पेंगत नाहीत वाटतं?" आणि गुळगुळीतची रक्कम शेजारच्याच ओळीत, तिच्या पगाराच्या दुप्पट! तिच्या अंगाचा तिळपापड झाला, पण बोलणार कुणाला? तोंडाला सरकारी कुलूप.

आता मशीनची भानगड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या मशीनपाशी येऊन थांबतं.

झालं असं, की टाचणी एकदा घाईत होती. साहेब सभागृहात निघालेले, भाषणाच्या प्रती हव्या होत्या. ती कायमबाईंना म्हणाली, "याच्या दहा प्रती काढा, पटकन."

कायमबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"काढा?"

"बरं, काढता का?"

"आधीचं ऐकलं मी. हुकूम होता तो."

तक्रार वर गेली. वरून टाचणीला समज मिळाली. आणि त्या दिवसापासून कायमबाईंनी टाचणीशी बोलणं सोडलं ते सोडलंच. पण काम तर चालायला हवं, रोज शंभर निरोप. मग कायमबाईंनी तोड काढली. त्या टाचणीच्या दारात यायच्या आणि झेरॉक्स मशीनशी बोलायच्या.

"मशीनला कळावं म्हणून सांगते, साहेबांची बैठक पुढे ढकललीय."

टाचणी काय कमी? तीही मशीनकडे बघून उत्तर द्यायची. "मशीनचं म्हणणं आहे, हे सकाळी कळलं असतं तर बरं झालं असतं."

"मशीननं आपला कागद अडकणार नाही तेवढं बघावं."

असं महिनोन् महिने. कार्यालयातल्या लोकांना सवय झाली. कुणी हसेनासंही झालं. दोघींना मात्र ते दिवसेंदिवस जास्तच गोड लागायला लागलं, जसं खाजवताना लागतं. एकमेकींना पाण्यात पाहत होत्या आणि काम बिनबोभाट चालू होतं. साहेबांचं खातं होतं शहरांच्या पाणीपुरवठ्याचं.

एका दुपारी कायमबाई दारात आल्या. या वेळी चेहरा वेगळा.

"मशीननं नीट ऐकावं," त्या म्हणाल्या. "खालच्या वस्तीतल्या जुन्या टाकीच्या इंजिनिअरचा फोन होता. टाकीला तडा गेलाय आणि तो वाढतोय. टाकी आजच रिकामी करायला हवी. साहेबांची परवानगी लागते. साहेब फोन घेत नाहीयेत."

टाचणी तशीच उठली. त्या संध्याकाळी ती साहेबांबरोबर गाडीत होती. तिनं सगळं सांगितलं, अगदी 'आजच' या शब्दासकट. साहेब भाषणाचा कागद वाचत होते. म्हणाले, "टाकी रिकामी केली की अर्ध्या शहरात नळ कोरडे. उद्या सभा आहे माझी तिथंच. सभा होऊ दे, मग बघू."

"साहेब, तडा सभेसाठी थांबेल का?"

"तुम्ही भाषण बघा."

टाकी सभेसाठी थांबली. सभा झाल्यावर दुसऱ्या सकाळी फुटली. खालच्या वस्तीत घराघरात पाणी घुसलं, भिंती पडल्या. एका म्हाताऱ्या गवंड्याचा पाय भिंतीखाली सापडला, तो कापावा लागला. आणि साहेब सभागृहात उभे राहून छातीवर हात ठेवून म्हणाले, "माझ्यापर्यंत असा कुठलाही इशारा पोहोचला नव्हता."

टाचणी वरच्या गॅलरीत बसली होती. हे वाक्य तिनं लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी दोन्ही सल्लागारांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. इंजिनिअरनं वर्तमानपत्रांना सांगून टाकलं होतं, की मी मंत्र्यांच्या कार्यालयात फोन करून बाईंना सांगितलं. सभागृहानं चौकशी समिती नेमली होती. साहेबांचे डोळे सुजलेले. गुळगुळीत मात्र ताजातवाना, जणू त्याचीच सभा होती.

"प्रश्न अगदी साधा आहे," गुळगुळीत म्हणाला. "इंजिनिअरनं प्रमुख बाईंना सांगितलं. बाईंनी पुढे कुणाला सांगितलं?"

"मला," टाचणी म्हणाली.

"तुम्हाला? की मशीनला?"

गुळगुळीतनं खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"मॅडम, सगळं कार्यालय शपथेवर सांगेल, की त्या बाई तुमच्याशी एक शब्द बोलत नाहीत. मशीनशी बोलतात. तेव्हा तुम्ही समितीपुढे एवढंच म्हणायचं, की मला कुणी काही सांगितलं नाही. आणि ते खोटंसुद्धा नाही! एवढा गंभीर निरोप बाईंनी झेरॉक्स मशीनला दिला. जबाबदारी कुणाची? त्यांची. निलंबन त्यांचं. साहेब सुटले, तुम्ही सुटलात, मी सुटलो."

साहेब पहिल्यांदा तिच्याकडे बघून हसले. "तुमच्या श्रेणीचं माझ्या डोक्यात होतंच. तुमच्यावर अन्यायच झालाय. श्रेणीच्या समितीला मी स्वतः फोन करतो. वरची श्रेणी, मागच्या तारखेपासून."

काय सांगावं, टाचणीच्या मनात खरंच पाल चुकचुकायच्या ऐवजी लाडू फुटला. कायमबाई निलंबित! ती चष्मा पुसणारी, आठ्यांचं जाळं मिरवणारी बया, घरी बसून भाजी निवडणार! आणि आपण गुळगुळीतच्या पंक्तीला. तिनं दुपारपर्यंत वेळ मागून घेतला आणि आपल्या तापलेल्या खोलीत येऊन बसली. नवऱ्याला फोन लावला.

"खरं बोललीस तर काय होईल?" त्यानं विचारलं.

"साहेब जातील. म्हणजे मी जाईन. त्याच दिवशी."

"आणि दुसरं काही बोललीस तर?"

"पगार वाढेल."

"आईला काहीतरी सांगावं लागेल," तो म्हणाला. त्या माणसानं सल्ला असा काही दिला नाही, पण पुढे काय होणार हे त्याला तिच्याआधी कळलं असावं. बँकेतली माणसं सही बघून ओळखतात.

तेवढ्यात कायमबाई दारात. बातमी त्यांना लागलेलीच होती, भिंतीला कान असतात तसे त्या कार्यालयात दारांनासुद्धा होते. टाचणीच्या मनात आलं, आता ही माझ्याकडे बघून एकदा, एकदाच, नीट बोलू दे. बाई म्हणू दे, कृपा करा म्हणू दे, मग मी बघते. वाईट वाटून घेऊ नका, पण एवढा मोह कुणालाही होईल.

कायमबाईंनी मशीनकडेच तोंड केलं.

"मशीनला सांगून ठेवते. मी माझं काम केलं. ज्यांना परीक्षा न घेताच घेतलंय, त्यांनी त्यांचं केलं की नाही, ते त्यांनाच ठाऊक. असल्या उपऱ्यांकडून अपेक्षाही नाही."

आणि गेल्या!

टाचणीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जीव टांगणीला लागलेला असताना ही बाई माझाच अपमान करून जाते! आता तर घातलीच खड्ड्यात. तिनं तावातावानं मनात साक्ष तयार करायला घेतली, सवयच ना लिहायची. 'मला कुणीही काहीही सांगितलं नाही. त्यामुळे मी साहेबांना काही सांगितलं नाही.'

आणि दुसऱ्या वाक्यापाशी ती अडली.

मी साहेबांना सांगितलं नाही? अहो, पण सांगितलं होतं! शब्दन् शब्द, 'आजच' सकट. सल्लागाराला दुसरं काम ते काय असतं? हुकूम द्यायचा नाही, सही करायची नाही, बाहेर बोलायचं नाही. उरतं काय, तर साहेबांच्या कानात खरं सांगायचं. ते एकुलतं एक काम तिनं त्या गाडीत अगदी चोख केलं होतं, आणि आता चारचौघांत म्हणायचं की केलं नाही? त्या गवंड्यानं समजायचं, की या बाईला ठाऊकच नव्हतं? आणि कायमबाई जन्मभर म्हणत राहणार, बघा, उपऱ्यांना काम येत नाही! निलंबित होऊनसुद्धा ती बरोबर ठरणार!

हे मात्र टाचणीला सहन होण्यासारखं नव्हतं.

ती उठली आणि थेट साहेबांच्या खोलीत गेली. गुळगुळीत तिथंच होता, खुर्चीच्या हातावर बसलेला.

"मी गाडीत तुम्हाला सांगितलं होतं, साहेब. समितीपुढे तेच सांगणार."

साहेबांचा चेहरा उतरला. "तुम्हाला कळतंय का, मी गेलो की तुम्हीही गेलात?"

"कळतंय. म्हणूनच माझा सल्ला ऐका, फुकटात पुन्हा मिळणार नाही. आज संध्याकाळच्या आत राजीनामा द्या. समितीनं खोटं पकडून हाकललं, तर परत कुणी उभं करणार नाही. स्वतः गेलात, तर कदाचित पाच-सहा वर्षांनी लोक विसरतील."

"मॅडम," गुळगुळीतचं तेल पहिल्यांदाच करपलं. "आम्ही असंही म्हणू शकतो, की बाईंनी तुम्हाला सांगितलं आणि तुम्हीच विसरलात."

"म्हणा ना! मग काढून टाका मला, आत्ताच. नोकरीत आहे तोवर माझं तोंड बंद आहे. नोकरी गेली, की माझे जुने मित्र खालीच उभे आहेत, फाटकापाशी. चहासुद्धा पाजतील."

गुळगुळीत साहेबांकडे बघायला लागला. साहेब खिडकीबाहेर. मग गुळगुळीत उठला, फोन कानाला लावला आणि बाहेरच्या वऱ्हांड्यात जाऊन दुसऱ्या कुठल्यातरी मंत्र्याची चौकशी करायला लागला, अगदी मोठ्यानं. मुंगीला साखरेचा डबा रिकामा झाल्याचं कसं लगेच कळतं!

"तुम्ही मला संपवलंत," साहेब म्हणाले.

"मी लिहून देऊ राजीनामा, की तुम्ही लिहिता?"

"तुम्हीच लिहा," ते कडवट म्हणाले. "मी लिहिला तर पंखे पेंगतील."

तिनं लिहिला. छोटा, सरळ, 'मला इशारा मिळाला होता आणि मी ऐकला नाही' हे वाक्य मधोमध. साहेबांनी ते खोडायचा दोनदा प्रयत्न केला. तिनं दोनदा परत घातलं. स्वतःच्या नोकरीचा शेवट स्वतःच्या हातानं लिहायचा, आणि तोही असा की वाचणाऱ्याला पटावा! संध्याकाळी साहेबांनी तो वाचून दाखवला आणि तिची नोकरी त्या शेवटच्या वाक्याबरोबर संपली. समितीपुढे जाऊन ती जे घडलं ते सांगून येणार होती, पण ते बाहेरची बाई म्हणून.

कायमबाईंना आनंद झाला असेल म्हणता? आभार मानले असतील? छे! त्या तिच्या खोलीत आल्या, या वेळी तिच्याकडे बघून बोलल्या, कारण आता ती त्यांची कुणीच नव्हती.

"कार्ड."

टाचणीनं कार्ड दिलं.

"पिशवी उघडा."

"काय?"

"सरकारी कागद नेता येत नाहीत."

पिशवीत डबा, छत्री आणि साडीच्या पिना निघाल्या. कायमबाईंनी डबा हलवून पाहिला.

"मी तुमची नोकरी वाचवलीय, माहितीय ना?" टाचणीला राहवेना.

"मी निरोप दिला होता. खरं होतं ते तुम्ही बोललात. त्यात उपकार कसला?" कायमबाईंनी पिशवी परत केली. "आणि रक्कम पुढच्या महिन्यात मिळेल. मागे लागू नका. विनंतीसुद्धा करू नका."

"तुम्ही एक नंबरच्या खडूस आहात."

"आणि कायम आहे," कायमबाई म्हणाल्या, आणि दिवा बंद करून टाकला, टाचणी आत असतानाच.

टाचणी फाटकाबाहेर आली. मित्र, कॅमेरे, सगळे निघून गेले होते. पुढच्या मंत्र्याचं नाव कळलं होतं, तिकडे पळाले असतील. फुटपाथवर साहेब उभे. सरकारी गाडी, ड्रायव्हर, मागचे-पुढचे शिपाई, सगळं त्यांच्याकडूनही तिथल्या तिथं काढून घेतलेलं. हातात कोट, बगलेत घरच्या फोटोची चौकट. वर्षानुवर्षं गाडीचं दार दुसऱ्यानं उघडलेलं, त्यामुळे टॅक्सी कशी थांबवतात हेच विसरलेले. हात वर केला होता, सभेत करतात तसा.

तिला बघून त्यांनी हात खाली घेतला.

"तुमच्यामुळे," ते म्हणाले. "सगळं तुमच्यामुळे."

"त्या गवंड्यामुळे म्हणा. तो पाय पुढे करून बसला होता ना, भिंत पडावी म्हणून."

साहेबांनी पुन्हा हात वर केला. टॅक्स्या भराभर पुढे जात होत्या. एकही थांबेना. थोड्या वेळानं ते नरमले. "बरं, मला सांगा, आता मी काय करावं? म्हणजे पुढे. तुमचा काय सल्ला?"

"कुठल्या श्रेणीत?"

"अहो, मी गंभीरपणे विचारतोय."

"मीही. माझी नेमणूक संपली, साहेब. तुमच्याबरोबरच. तुमच्याच अटी आहेत."

ती पुढे चालत गेली, सिग्नल ओलांडून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. टॅक्स्या तिथंच थांबतात. फाटकासमोर थांबायची त्यांना मनाई आहे. हे त्या रस्त्यानं रोज पायी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पहिलीच टॅक्सी थांबली. आत बसताना तिनं मागं वळून पाहिलं. साहेब तिथंच, फाटकासमोर, हात वर करून.

"बाई, त्या काकांना सांगू का, तिथं कुणी थांबत नाही म्हणून?" टॅक्सीवाल्यानं विचारलं.

"नको," टाचणी म्हणाली. "चला तुम्ही."